टुरिस्ट नव्हे, नवरा

(हे पत्र आणि उत्तर नोव्हेंबर २०२० मधलं, करोनाकाळातलं; व्हिसाचे आणि प्रवासाचे नियम तेव्हाचे. पत्र इथे थोडक्यात दिलंय.)

पत्र:

मावशी, नमस्कार. मी साताऱ्याची, नोकरी पुण्यात. गेल्या वर्षी, डिसेंबर २०१९ मध्ये, पुण्यात विवाह अधिकाऱ्यांसमोर माझं लग्न झालं. नवरा जर्मन आहे, स्टुटगार्टचा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिथलं भाड्याचं घर सोडायला म्हणून तीन आठवड्यांसाठी गेला आणि तिकडेच अडकला. ९ नोव्हेंबरला मला मुलगी झाली. त्याने तिला अजून फोनवरच पाहिलंय. त्याच्याकडे पाच वर्षांचा ई-टुरिस्ट व्हिसा आहे, २०२४ पर्यंतचा, तरी विमान कंपनी म्हणते बसू देणार नाही. एक एजंट म्हणतो, बिझनेस व्हिसा काढून देतो, कंपनीचं निमंत्रणपत्रही मीच मिळवून देतो. मैत्रीण म्हणते, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड काढा, मग व्हिसाच लागत नाही. नाहीतर मीच बाळाला घेऊन तिकडे जाऊ का? वडील म्हणतात, गेला तो गेला, आता कसला येतोय. बारसं थांबवायचं की उरकायचं, तेही कळत नाही.
– वाट पाहणारी, सातारा

उत्तर:

अगं, बाळ तीन आठवड्यांचं नाही तोवर एवढे कागद डोक्यात घेऊन बसलीस. आधी उत्तर देते, म्हणजे तुला जरा पाठ टेकता येईल. तुझ्या नवऱ्याने एंट्री व्हिसासाठी अर्ज करायचा. यालाच एक्स व्हिसा म्हणतात. तो भारतीय नागरिकाच्या जोडीदाराला मिळतो आणि आजच्या घडीला, म्हणजे नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस, त्यावर भारतात येता येतं. टुरिस्ट व्हिसावर येता येत नाही, मग त्यावर २०२४ छापलेलं असो की २०३४.

तुमचा सगळा घोळ त्या तारखेने केलाय. ११ मार्चला सरकारने जवळजवळ सगळे व्हिसा स्थगित केले आणि १३ मार्चच्या संध्याकाळपासून ते अमलात आलं. स्थगित म्हणजे रद्द नव्हे, त्यामुळे कागदावरची मुदत जशीच्या तशी दिसत राहते. माणूस पासपोर्ट उघडतो, तारीख वाचतो आणि म्हणतो, माझा तर चालू आहे की. पुढे टप्प्याटप्प्याने सवलती आल्या. २२ मेच्या यादीत ओसीआय कार्डवाल्या काही लोकांना वाट मिळाली. मग २२ ऑक्टोबरला गृह मंत्रालयाने दार बरंच उघडलं: सगळे ओसीआय कार्डधारक येऊ शकतात, आणि पर्यटन सोडून कुठल्याही कामासाठी परदेशी नागरिक येऊ शकतात. जुने व्हिसाही पुन्हा चालू झाले, पण तीन प्रकार वगळून. ई-व्हिसा, टुरिस्ट व्हिसा आणि मेडिकल व्हिसा. तुझ्या नवऱ्याचा ई-टुरिस्ट, म्हणजे वगळलेल्यांत तो दोनदा बसला! विमान कंपनीची बाई त्याला नाही म्हणाली ती बरोबरच म्हणाली. तिच्यावर चिडू नकोस.

सरकारच्या लेखी तुझा नवरा आज एक जर्मन पर्यटक आहे. तुमचं लग्न झालंय हे त्याच्या व्हिसावर कुठेच लिहिलेलं नाही. तुम्ही गेले आठ महिने तोच टुरिस्ट व्हिसा चालवून घेण्यासाठी खेटे घालताय. तो सोडा. नवरा म्हणून अर्ज करा.

ओसीआयचं थोडक्यात. मैत्रिणीचा सल्ला चुकीचा नाही, एक वर्ष आधी आलाय. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड मिळतं, पण लग्न नोंदलेलं हवं आणि अर्जाच्या दिवशी ते सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. तुमची दोन वर्षं डिसेंबर २०२१ मध्ये भरतील. तेव्हा जरूर काढा. त्या कार्डावर वारंवार व्हिसा लागत नाही आणि त्याला इथे नोकरीही करता येईल. एंट्री व्हिसावर नोकरी करता येत नाही, हे आत्ताच त्याच्या कानावर घाल. नाहीतर येऊन आठ दिवसांत चाकणच्या कंपन्यांना बायोडेटा पाठवत बसेल.

आता एजंट. बिझनेस व्हिसा खरोखरच चालू आहे, म्हणून त्याचं बोलणं पटण्यासारखं वाटतं. पण तुझा नवरा येतोय लेकीला बघायला, आणि कागदावर म्हणणार की अमुक कंपनीशी बोलणी करायला आलो. विमानतळावर अधिकाऱ्याने सहज विचारलं, "कंपनी काय बनवते?" तर तो माणूस तिथे काय बोलेल? जर्मन माणसाला खोटं बोलताना मी पाहिलंय, कानापासून लाल होतात. व्हिसाच्या अर्जात येण्याचं कारण खोटं दिलं आणि पकडलं गेलं, तर आल्या पावली परत पाठवतात, आणि ती नोंद पुढच्या प्रत्येक अर्जाच्या आड येते, ओसीआयच्यासुद्धा. तुमच्याकडे खरं कारण आहे, खरा कागद आहे. मग खोट्याला पैसे कशाला मोजायचे?

तू बाळाला घेऊन तिकडे जाण्याचा विचार सध्या सोडून दे. जर्मन नागरिकाची बायको म्हणून राहायला जायचं तर आधी जर्मन भाषेची ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची परीक्षा, मग तुझा व्हिसा, शिवाय बाळाचा पासपोर्ट. बाळंतिणीने मॅक्स म्युलर भवनाच्या वर्गात बसायचं की शेक घ्यायचा?

तर एंट्री व्हिसा. मी पुण्यात कॅम्पातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात सव्वीस वर्षं व्हिसाचे कागद लावले. त्या अनुभवावरून सांगते, अर्ज मोठ्या कारणांनी क्वचित अडतात. अडतात ते स्पेलिंगने. तुझ्या पत्रासोबत विवाह प्रमाणपत्राचा फोटो पाठवलास ते फार बरं केलंस, कारण मला पहिल्याच नजरेत जे दिसलं ते तुला आठ महिन्यांत कोणी सांगितलेलं नाही. नवऱ्याच्या आडनावात यू अक्षरावर दोन टिंबं आहेत. विवाह अधिकाऱ्यांच्या ऑफिसातल्या टायपिस्टने ती टिंबं गाळली आणि साधा यू मारला. त्याचा काय दोष, त्याच्या कीबोर्डवर ती नसणारच. पण जर्मन पासपोर्टच्या तळाशी ज्या दोन ओळी असतात, त्या बाणांच्या खुणांनी भरलेल्या, त्या बघ. मशीन वाचतं ते या ओळी. तिथे टिंबवाल्या यूच्या जागी यू आणि ई अशी दोन अक्षरं छापतात. म्हणजे एकाच माणसाचं आडनाव वर टिंबांसह, खाली एक अक्षर जास्त आणि लग्नाच्या कागदावर टिंबांशिवाय. खिडकीमागच्या माणसाला वाटणार, ही दोन वेगळी माणसं.

ऑनलाइन अर्जात आडनाव पासपोर्टच्या त्या तळच्या ओळीप्रमाणे भरायचं, यू-ई करून. विवाह प्रमाणपत्राला एक साधं पत्र जोडायचं: प्रमाणपत्रातलं अमुक स्पेलिंग आणि पासपोर्टमधलं तमुक स्पेलिंग एकाच व्यक्तीचं आहे, जर्मन अक्षर इंग्रजी टाइपात असं बदलतं. खाली तुमच्या दोघांच्या सह्या. मूळ नोंद दुरुस्त करायची सोय विशेष विवाह कायद्यात आहे. नवरा-बायको हजर नसतील तर दोन विश्वासू साक्षीदारांसमोर विवाह अधिकारी समासात दुरुस्ती करू शकतात. ते करून घे, ओसीआयच्या वेळी कामाला येईल. पण त्यासाठी व्हिसाचा अर्ज थांबवू नकोस.

माझ्या हातून एकदा अशीच फाइल परत आली होती. कोल्हापूरची मुलगी, नवरा फ्रेंच, नावातलं एक जोडचिन्ह गाळलेलं. मी म्हटलं, एवढ्या बारीक रेघेला कोण बघतं. तीन आठवडे गेले त्या रेघेपायी. तेव्हापासून मी पासपोर्ट वाचताना खालून वर वाचते.

हीच टिंबं आता दुसऱ्या दारातून येणार आहेत, म्हणून घाई कर. बाळाचा जन्म दवाखान्यात झालाय, म्हणजे दवाखान्याने जन्माची माहिती नगरपालिकेला कळवायची असते. मुदत २१ दिवसांची. म्हणजे ३० नोव्हेंबर. त्या फॉर्मवर वडिलांचं नाव कोणी, कसं लिहिलं ते आजच्या आज भावाला पाठवून बघून घे. इंग्रजी आडनाव यू-ई, आणि मराठीत तुम्ही दोघांनी मिळून जे ठरवाल ते एकच, सगळीकडे तेच. साताऱ्यात जर्मन आडनावाला लोक काय काय करतील सांगता येत नाही, एकाने तर माझ्यासमोर श्मिटचं शिंदे केलं होतं.

जन्माच्या नोंदीला बाळाचं नाव लागत नाही, हेही लक्षात ठेव. नाव नंतर घालता येतं, वर्षभरात तर विनाशुल्क. तेव्हा "दाखल्यासाठी बारसं उरका" असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नकोस. बाराव्या दिवशी झालं नाही, आता सव्वा महिन्याने करा, नाहीतर तीन महिन्यांनी. बाळ काही तक्रार करत नाही. आणि नाव ठेवायचा मान आत्याचा. त्याला बहीण आहे असं तू लिहिलंयस. तिला व्हिडिओ कॉलवर घ्या, पाळण्यापाशी फोन धरा आणि तिला बाळाच्या कानात कुर्र करायला शिकवा. जर्मन लोकांना घशातला र छान जमतो. पाठीत धपाटे मात्र तिला तिकडच्याच कोणीतरी घालायचे.

आता कागद. त्याच्या पासपोर्टची मुदत अजून किमान सहा महिने हवी आणि दोन पानं कोरी हवीत. फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. जर्मनीत पासपोर्टचे फोटो वेगळ्या मापाचे असतात, तोच काढून आणेल, आधी सांग. विवाह प्रमाणपत्राची प्रमाणित प्रत, मूळ प्रत कुरिअरने पाठवू नकोस. विवाह अधिकाऱ्यांकडून दुसरी प्रमाणित प्रत मिळते. ती मागाल तेव्हा दोन घ्या. तुझ्या पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची स्वाक्षरी केलेली प्रत. तुझं पत्र: मी भारतीय नागरिक, हा माझा नवरा, अमुक तारखेला लग्न, अमुक तारखेला मुलगी झाली, तो माझ्याकडे अमुक पत्त्यावर राहील. साध्या इंग्रजीत, एका पानात. आठ महिने कसे काढले ते त्यात लिहू नकोस. ते मला लिही. बाळाचा जन्मदाखला हातात आला तर तोही जोड, नाही आला तर दवाखान्याचं पत्र चालवून बघा. तो स्टुटगार्टमध्ये राहतो याचा पुरावा, कारण कुठल्या कचेरीत अर्ज करायचा ते राहत्या राज्यावर ठरतं. बाडेन-व्युर्टेम्बर्गवाल्यांचं काम म्युनिकच्या वाणिज्य दूतावासाकडे असतं. बर्लिन किंवा फ्रँकफर्टला पाठवलंत तर पाकीट परत येईल. लग्नाच्या कागदावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, लागेल का, हे म्युनिकला ईमेल करून आधी विचारा. लागलं तर राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, अशी दोन दारं आहेत आणि ती इथूनच, तुझ्या भावाला करावी लागतील.

अर्जाच्या फॉर्मवर तो हसेल. आजोबा-आजी पाकिस्तानचे होते का, धर्म कोणता, शरीरावर ओळखीची खूण काय. माझ्या एका अर्जदाराने खुणेच्या रकान्यात "देखणा" लिहिलं होतं. तीळ, व्रण, काय असेल ते लिहायला सांग. भारतातला संदर्भ म्हणून तुझं नाव, साताऱ्याचा पत्ता आणि जो फोन खरोखर उचलला जातो तो नंबर.

तिकीट व्हिसा हातात आल्यावर. हे मी दोनदा सांगते, व्हिसा हातात आल्यावर. नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं मार्चपासून बंद आहेत, जी चालू आहेत ती दोन देशांच्या एअर बबल करारावर, आणि तो करार किती नाजूक असतो ते आपण पाहिलंच. लुफ्थान्साने ३० सप्टेंबर ते २० ऑक्टोबर भारताची सगळी उड्डाणं रद्द केली होती. शक्यतो जर्मनीतून थेट मुंबईचं विमान घ्या. दिल्लीत उतरून पुण्याला यायचा बेत करू नका: २५ नोव्हेंबरपासून दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून विमानाने महाराष्ट्रात येणाऱ्याला आरटी-पीसीआर निगेटिव्ह अहवाल लागतो, तोही उतरण्याच्या आधी ७२ तासांतल्या नमुन्याचा. जर्मनीत केलेली चाचणी दिल्लीत रखडला तर शिळी होईल.

आंतरराष्ट्रीय प्रवासालाही निघण्याआधीच्या ७२ तासांतला आरटी-पीसीआर अहवाल घ्यायचाच. तो निगेटिव्ह असला तर सात दिवसांचं पैसे भरून हॉटेलात राहणं टळतं. अहवाल आणि स्वयंघोषणा परदेशातून येणाऱ्यांसाठीच्या सरकारी एअर सुविधा पोर्टलवर आधी भरायची. तिथे सवलतीच्या कारणांत "दहा वर्षांखालच्या मुलांसह पालक" असं वाचून तुम्ही खुश व्हाल. ते बरोबर प्रवास करणाऱ्या मुलांसाठी आहे, इथे वाट बघणाऱ्या लेकीसाठी नाही. त्या रकान्यात खूण केलीत तर उगाच प्रश्न.

आल्यावर मात्र, नियम काहीही म्हणो, चौदा दिवस त्याला वेगळ्या खोलीत ठेव. नऊ महिने थांबलात, दारातून बघा चौदा दिवस. बाळ तान्हं आहे, तू ओली बाळंतीण, घरात वडील साठीच्या पुढचे.

वडिलांवरून आठवलं. परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत सी फॉर्म भरून कळवावं लागतं. हॉटेलला लागू आहे तसं घरालाही. ज्याचं घर त्याने भरायचा. म्हणजे तुझ्या वडिलांनी. त्यांच्या नावाने ऑनलाइन नोंदणी आत्ताच करून ठेव, ऐनवेळी ओटीपी येत नाही. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा मिळाला तर आल्यापासून १४ दिवसांत ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या वेबसाइटवर, नोंदणीही लागते. मात्र व्हिसाच्या स्टिकरवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आधी वाचायचं, कधीकधी नोंदणी कधी लागेल ते तिथेच छापतात.

वडील जे बोलतात त्याबद्दल तू तीन पानं लिहिलीस आणि कागदांबद्दल एक, म्हणून त्यावरही लिहिते. ते तुझ्यावर रागावलेत असं मला वाटत नाही. गल्लीत रोज कोणीतरी विचारतं, जावई कधी येणार, आणि त्यांच्याकडे सांगायला काही नाही. "सरकारने बंद केलंय" हे ऐकायला सबबीसारखं वाटतं. त्यांना हा कागद वाचून दाखव. त्यांना सांग, अर्ज अमुक तारखेला म्युनिकला गेला, पोच पावती ही. तारखा असल्या की बाप माणसं शांत होतात. आणि तुझा नवरा पळाला असता तर रोज संध्याकाळी, तिकडच्या दुपारी, ऑफिसात जेवण सोडून लेकीच्या अंघोळीच्या वेळेला फोन लावून बसला नसता. तेल लावताना लेक रडते तेव्हा तोही रडतो असं तूच लिहिलंयस.

बाळाच्या पासपोर्टचा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तिकडून सासूबाई विचारतील. मुलगी भारतात जन्मली, आई भारतीय, वडील कायदेशीर रीतीने आलेले, म्हणजे ती जन्माने भारतीय आहे. वडिलांमुळे जर्मन नागरिकत्वावरही तिचा हक्क आहे. पण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व चालत नाही. तेव्हा आनंदाच्या भरात जर्मन पासपोर्टचा अर्ज टाकू नका. तो आला की दोघं समोरासमोर बसून, वकिलाला विचारून ठरवा.

आज एवढंच कर: भावाला दवाखान्यात पाठव, जन्माच्या फॉर्मवरचं आडनाव बघायला. तीस तारखेला सोमवार आहे.